बागेत बंदूक आणण्याआधी

जानेवारीत मण्यांत पाणी उतरायला लागलं की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. कधी बांधावर, कधी तासगावच्या बेदाणा सौद्यात, कधी लग्नाच्या पंगतीत. "अण्णा, पाखरांनी लई ताप दिलाय. कुठली बंदूक घेऊ?" विचारणाऱ्याचं बंदूक घ्यायचं ठरलेलंच असतं, त्याला फक्त कोणती ते हवं असतं. मी उलट विचारतो, "पाखरू बसतं त्याच्या मागं काय असतं तुझ्या बागेत?"

बहुतेकांना हा प्रश्न वाकडा वाटतो. पण द्राक्षबाग म्हणजे ज्वारीचं रान नव्हे. ज्वारीत माळ्यावर उभा राहिलेला राखणदार चहूकडं बघू शकतो. मांडवाच्या बागेत डोक्याच्या उंचीवर पानांचं छत असतं आणि त्याखाली माणसं वावरत असतात. काढणीला आलेल्या बायका, क्रेट उचलणारी पोरं, ठिबकची नळी तपासणारा गडी, झोळीत झोपवलेलं एखादं लेकरू. बाहेरून यातलं काही दिसत नाही. वाय पद्धतीच्या बागेत ओळींमधून थोडं दिसतं, पण दोन ओळी सोडून पलीकडं कोण वाकलंय ते तिथंही कळत नाही. पाखराकडं रोखलेल्या नळीपुढं नेहमी एक न दिसणारं माणूस असतं, असं धरूनच या विषयाचा विचार करायला हवा.

पाखरांचा त्रास खोटा नाही, तेही सांगतो. बुलबुल आणि साळुंक्या रोजच्याच, राघू थव्यानं येतात, पण खरी धास्ती भोरड्यांची. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पाहुण्या मैना हिवाळ्यात हजारांनी उतरतात आणि सकाळच्या दोन तासांत बांधाकडच्या ओळी विस्कटून जातात. मणी पूर्ण खाल्ला तर एक वेळ परवडलं, पण त्या चोच मारून पुढं जातात. फुटलेल्या मण्याचा रस खालच्या मण्यांवर ओघळतो, त्यावर माश्या आणि बुरशी येते आणि अख्खा घड हातचा जातो. ऑक्टोबरच्या छाटणीपासून औषधं, मजुरी, विरळणी असं सगळं करून सोसायटीचं कर्ज डोक्यावर घेतलेल्या माणसाला अशा वेळी बंदूक सुचली, तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्या तासगाव तालुक्यानं बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्यासारखा बागायतदार आणि 'तास-ए-गणेश' हे वाण दिलं, तिथं द्राक्षाचा घड घरातल्या माणसासारखा सांभाळला जातो.

आता ज्या प्रसंगामुळं मी या विषयात पडलो तो सांगतो. आमच्या शेजारच्या बागेत मालकाचा भाचा राखणीला यायचा. बारावी झालेला पोरगा, भरतीची तयारी चाललेली. पहाटे धावून यायचा आणि थेट बागेत उभा राहायचा. त्याच्या हातात पाइपची बंदूक असायची. पीव्हीसीचा पाइप, मागं गॅस पेटवायचा लायटर, आत कार्बाइडचे खडे आणि पाण्याचा शिंतोडा. बाजारात दोन-चारशेला मिळते, कुणी घरीही जोडून घेतं. दर थोड्या वेळानं बार व्हायचा, पाखरं उठायची, फिरून बसायची.

त्या दिवशी बराच वेळ बार ऐकू आला नाही. मग 'फुस्स' असा आवाज आला आणि त्यामागून किंकाळी. मी बांध ओलांडून गेलो तर पोरगा ओळीत गुडघ्यावर बसलेला, दोन्ही मुठी डोळ्यांवर घट्ट दाबलेल्या. "दादा, बार उडंना म्हणून आत बघितलं," एवढंच म्हणत होता. भुवया जळून करड्या झालेल्या. पापण्यांच्या केसांना पांढरा लगदा चिकटलेला, ओल्या चुन्यासारखा. अंगाला लसणासारखा उग्र वास. पाइप बाजूला पडला होता आणि त्याच्या तोंडातून अजून धूर येत होता.

माणसं धावली. एकानं फवारणीच्या टाकीचं पाणी आणलं, ते मी परत पाठवलं. एक मामी घरून तूप आणायला निघाल्या, त्यांना थांबवलं. मजुरांच्या प्यायच्या पाण्याची घागर होती, ती घेतली. पोराला क्रेटच्या थप्पीला टेकवून आडवं केलं, एकानं मुठी सोडवल्या, मी पापणी बोटांनी फाकवली आणि तांब्यानं नाकाकडून कानाकडं पाण्याची बारीक धार धरली. पापण्या सारख्या मिटत होत्या, पोरगा तडफडत होता. दुसरी घागर संपेपर्यंत धार सोडली नाही. मग पिकअपमध्ये घालून सांगली गाठली. तासगावहून पंचवीसेक किलोमीटर, आणि वाटेतही बाटलीनं पाणी चालूच.

डॉक्टरांनी वरची पापणी उलटी केली तेव्हा तिच्या आत पांढरे कण दिसले, रव्याएवढे. त्यांनी ते ओल्या बोळ्यानं एकेक टिपले. "हा चुना आहे. यापेक्षा अ‍ॅसिड परवडतं," असं ते म्हणाले, आणि पुढं त्याचं कारणही सांगितलं. अ‍ॅसिड गेलं तर डोळ्याचा वरचा थर गोठतो आणि बहुधा त्याला तिथंच अडवतो. चुन्यासारखा अल्क मात्र पडदा विरघळवत आत शिरत राहतो आणि धुतलं नाही तर तासन् तास काम करतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबून फुटल्यानं लहान पोरांचे डोळे जातात, ते याच कारणानं. पोराचा उजवा डोळा वाचला. डाव्या बुबुळावर पांढरट पडदा राहिला. त्या डोळ्यानं समोर धरलेली बोटं मोजता येतात, अक्षर वाचता येत नाही. भरतीचा विषय तिथंच संपला.

बार उडाला नाही आणि पोरानं आत बघितलं, तेवढ्यातच स्फोट कसा झाला, हे समजून घेण्यासारखं आहे. कार्बाइडला पाणी लागलं की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो, वेल्डिंगवाले वापरतात तोच. स्वयंपाकाचा गॅस हवेत फार थोडा असेल तर पेटत नाही आणि फार जास्त झाला तरी पेटत नाही. अ‍ॅसिटिलीनचं तसं नाही. हवेत त्याचं प्रमाण अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कितीही असो, ठिणगी मिळाली की तो पेट घेतो, आणि त्याला लागणारी ठिणगीही अगदी क्षुल्लक असते. बार चुकतो तेव्हा गॅस कमी झालेला नसतो, उलट बहुतेक वेळा तो आत साठत असतो. खडा ओला आहे तोवर वायू सुटतच राहतो. माणूस लायटर दोन-तीनदा खटकावतो, काही होत नाही, मग नळी तोंडाकडं वळवतो. तेवढ्यात बोट पुन्हा लायटरवर जातं, किंवा आत एखादी ठिणगी धुमसत असते, आणि बार थेट डोळ्यांवर उडतो. त्याबरोबर गरम वायू, कार्बाइडचे कण आणि कार्बाइड-पाण्यातून तयार झालेला चुना असं सगळं एकदम येतं. भाजणं आणि चुना जाणं या दोन इजा एकाच क्षणी होतात. शिवाय पीव्हीसीचा पाइप पाण्यासाठी केलेला असतो, स्फोटासाठी नव्हे. उन्हात राहून तो ठिसूळ होतो आणि एखाद दिवशी नळीऐवजी बाजूनं फुटतो.

ही गोष्ट एकट्या आमच्या बांधावरची नाही. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत हीच पाइपची बंदूक फटाका म्हणून विकली गेली आणि शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाल्या. त्यांत बहुतेक मुलंच होती, काहींची नजर गेली. मध्य प्रदेश सरकारला त्यानंतर विक्रीवर बंदी आणावी लागली. गंमत म्हणून बघितलेल्या व्हिडिओवरून काही पोरांनी ती घरीही बनवली होती. मूळ वापर मात्र शेतातून माकडं आणि पाखरं हाकलण्याचा, म्हणजे आपलाच.

आपल्या तालुक्याला दारूकाम नवं नाही. कवठेएकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढं जी आतषबाजी होते ती बघायला लांबून माणसं येतात. पण पिढ्यान् पिढ्या हे काम जाणणाऱ्या त्या गावानंही २०१५ च्या स्फोटात माणसं गमावली. जाणत्यांची ही गत असेल तर राखणीला आलेल्या पोराच्या हाती पाइप आणि कार्बाइड देणाऱ्यानं काय म्हणायचं? माझं मत स्पष्ट आहे. ही बंदूक सुरक्षितपणे वापरायची कुठलीच रीत नाही. चष्मा घालून नाही, लांब धरून नाही, जाणत्या माणसाच्या हातीही नाही.

यावर कुणीतरी म्हणतं, मग छर्ऱ्याची बंदूक घेतो. ती निदान कारखान्यात झालेली असते, फुटत नाही, हे खरं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ इंच व्यासाची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेली हवेची बंदूक परवान्याशिवाय घेता येते. परवाना लागत नाही म्हणजे खेळणं आहे, असं मात्र नव्हे. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला दोनशे मीटर वेगानं सुटतो आणि पाखरू चुकलं तर दोनशे मीटरच्या पुढंही जातो. आपली एकराची बाग किती लांब असते, हिशेब करा. तो छर्रा दुसऱ्याच्या बागेत उतरतो. तारेला किंवा अँगलला लागला तर कुठं उडेल त्याचा नेम नाही. घडात रुतून बसला तर व्यापारी एका छर्ऱ्यासाठी अख्खा लॉट नाकारू शकतो, आणि त्यानं नाकारावाच. आणि राघू, मैना, बुलबुल यांना मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. 'शेताला त्रास देतात म्हणून मारले' हा बचाव तिथं चालत नाही.

छर्ऱ्याची बंदूक घरात असेलच तर ती मातीच्या ढिगापुढं नेमबाजीला वापरा, कुलपात ठेवा, छर्रे वेगळे ठेवा, आणि भरलेली बंदूक भिंतीला टेकवून जेवायला जाऊ नका. बागेत तिचं काम नाही.

राहिली पेंटबॉल, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायची खेळातली बंदूक. हे खूळ पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्यानं आणलं. कंपनीच्या सहलीत लोणावळ्याकडं खेळून आला होता. "काका, पाखराला लागलं तरी मरत नाही, नुसता रंग उडतो," म्हणाला. ऐकायला बरं वाटलं, म्हणून मी त्यात खोल शिरलो आणि बऱ्याच गोष्टी कळल्या.

पहिली गमतीची. ही वस्तू मूळची शेतीवाडीचीच आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात नेल्सन नावाच्या रंगकंपनीनं 'नेलस्पॉट ००७' हे यंत्र आणलं, ते तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या जनावरांवर लांबून खूण करायला. म्हणून खेळणारे आजही तिला बंदूक न म्हणता मार्कर म्हणतात. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या रानात बाराजणांनी पहिला खेळ खेळला. जिंकला तो जंगलात काम करणारा माणूस, आणि त्यानं म्हणे एकही गोळी झाडली नाही. रानाची माहिती असलेल्यानं बंदुकीला हात न लावता जिंकावं, हे मला फार आवडलं.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. पेंटबॉलची गोळी ०.६८ इंच, म्हणजे सव्वासतरा मिलिमीटरची आणि तीन ग्रॅम वजनाची असते. मैदानावर तिचा वेग सेकंदाला तीनशे फुटांच्या आत ठेवायचा असा नियम आहे. तेवढ्या वेगाची ताकद काढली तर बारा ज्यूलच्या आसपास भरते, म्हणजे वर सांगितलेल्या छर्ऱ्यापेक्षा कमी तर नाहीच. अंगावर लागली तर निळा डाग पडतो आणि चार दिवसांत जातो. पण डोळ्याचं गणित वेगळं आहे. क्रिकेटचा चेंडू तोंडावर आला तर भुवई आणि गालाची हाडं त्याला अडवतात, कारण तो डोळ्याच्या खोबणीपेक्षा मोठा असतो. पेंटबॉलची गोळी खोबणीत बरोबर मावते. सगळा मार डोळ्याच्या चोवीस मिलिमीटरच्या गोळ्यावर बसतो आणि आत रक्त साचतं, पडदा सुटतो, कधी गोळाच फुटतो. या खेळातल्या डोळ्यांच्या इजा बहुतेक करून मुखवटा काढलेल्या क्षणी झालेल्या असतात. खेळ संपला म्हणून, घाम आला म्हणून, काच धुकटली म्हणून.

बागेसाठी म्हणून पेंटबॉल मी निकालात काढली. गोळीचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेलं. आत रंग आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल. हे सगळं खायच्या घडावर उडवायचं, आणि मग औषधांच्या अवशेषांची तपासणी करणाऱ्या व्यापाऱ्यापुढं तो घड ठेवायचा, याला काय म्हणावं? जवळून लागली तर बुलबुलासारखं पाखरू मरतंच. आणि मांडवाखालच्या बाईनं काही मुखवटा घातलेला नसतो.

खेळण्यासाठी म्हणून मात्र आमच्याकडची पोरं पाचगणी-लोणावळ्याकडं जातात, त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना चार गोष्टी सांगायला हव्यात, कारण तिथं पैसे भरताना कुणी त्या सांगत नाही.

आधी मुखवटा बघा, बंदूक नंतर. कानापर्यंत येणारा, हनुवटी झाकणारा, पॉलिकार्बोनेटच्या काचेचा आणि पेंटबॉलसाठीच केलेला मुखवटा हवा. वेल्डिंगचा, मोटारसायकलचा किंवा फवारणीचा चष्मा चालत नाही. काच हातात घेऊन उजेडात धरा. केसासारखे बारीक तडे दिसले, पट्टा सैल असला, तर दुसरा मागा, आणि नाही म्हणाले तर खेळू नका. आपल्यासारख्या शेतकऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. औषधांतल्या द्रावणांनी पॉलिकार्बोनेट आतून कमजोर होतं, दिसायला चांगलं राहतं. म्हणून औषधाच्या खोलीत ठेवलेला मुखवटा बादच समजा. घाम आला, काच धुकटली, काही दिसेना, तरी मैदानात मुखवटा वर करायचा नाही. हात वर करून ओरडायचं आणि चालत बाहेर यायचं. दुहेरी काचेचे मुखवटे कमी धुकटतात, आमच्या दमट पावसाळ्यात तेच घ्यावेत.

मग वेग. चांगल्या मैदानावर वेग मोजायचं छोटं यंत्र असतं आणि खेळाआधी प्रत्येक मार्कर त्यावर तपासतात. यंत्र नसेल तर तिथं खेळण्यात शहाणपणा नाही. शिवाय सकाळी एकदा तपासून भागत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीतला दाब तापमानावर चालतो. वीस अंशाला तो हवेच्या दाबाच्या साधारण ५७ पट असतो, आणि एकतीस अंशांच्या वर तर आतला द्रव द्रव राहतच नाही, दाब झपाट्यानं चढतो. आपल्याकडं मार्चच्या दुपारी पारा कुठं असतो ते सांगायला नको. सकाळी २८० फुटांवर लावलेला मार्कर दुपारी तीनशे ओलांडतो. दाबाखालच्या हवेची बाटली या बाबतीत बरी, तिचा दाब नियंत्रकातून ठरलेलाच येतो. पण तिच्यावर दाबचाचणीची तारीख कोरलेली असते, ती बघा. जुनी असेल तर भरून घेऊ नका. कुठलीही बाटली बंद गाडीत किंवा उन्हात ठेवू नका.

बाटली मार्करवरून फिरवून काढताना अपघात झालेले आहेत. मार्करऐवजी बाटलीच झडपेवरून सुटत जाते आणि शेवटच्या आट्याला सुसाट निघते. माणसाचा जीव जाण्याइतका तिला जोर असतो. उपाय सोपा आहे. झडप आणि बाटली यांच्या सांध्यावर नखपॉलिशची उभी रेघ मारून ठेवा. फिरवताना रेघ तुटलेली दिसली की हात थांबवा आणि ती बाटली जाणत्याकडं द्या.

नळीच्या तोंडावर कापडी पिशवी चढवून तिची दोरी मागं अडकवतात. मैदानाबाहेर आल्याबरोबर ती चढलीच पाहिजे. घोड्याचं कुलूप लावलंय म्हणून पिशवी नको, असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, त्याच्यापासून लांब बसा. गोळ्या जुन्या झाल्या की दमट हवेनं फुगतात, सुरकुततात आणि नळीत फुटतात. फ्रीजरमध्ये गोठवून मारायचा आचरटपणा कुणी करत असेल तर त्याला खेळातून काढा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना ०.५० इंचाच्या, सव्वा ग्रॅमच्या हलक्या गोळ्यांचे मार्कर मिळतात, तेच द्या. मुखवटा मात्र त्यांनाही तोच.

विकत घ्यायची घाई नको. दोन-चार ठिकाणी भाड्यानं खेळून झालं आणि तरी हौस उरली, तर पहिला मार्कर साधा, यांत्रिक घोड्याचा घ्यावा. बॅटरीवर सेकंदाला दहा गोळ्या मारणारा नवख्याला काही शिकवत नाही, नुसत्या गोळ्या संपवतो. आणि ऑनलाइन मागवण्याआधी कायद्याचं बघा. परवान्याची सूट ०.१७७ इंचापर्यंतच्या हवेच्या बंदुकीला आहे, पेंटबॉलची नळी त्याच्या जवळजवळ चौपट. सांगलीला जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं काम चालतं, तिथं लेखी विचारून उत्तर घ्या. विकणाऱ्याचं 'काही लागत नाही' हे उत्तर पोलिस ठाण्यात कामाला येत नाही.

तर मग पाखरांचं काय? जाळी. यात मला शंका राहिलेली नाही. सगळ्या बागेला परवडत नसेल तर बांधाकडच्या आणि झाडांशेजारच्या ओळींना तरी लावा, कारण मार तिथूनच सुरू होतो. पाणी उतरायच्या आधी लावा. चटक लागल्यावर लावली तर पाखरं फटी शोधतात. जाळी ताणून बांधा, खालची कड मोकळी लोंबू देऊ नका, नाहीतर तिच्यात पाखरं आणि धामणी अडकून मरतात. रोज एक फेरी मारून अडकलेलं सोडवावं लागतं. चमकत्या फिती थोडे दिवस उपयोगी पडतात. त्या सैल लावा, वाऱ्यानं वाजल्या पाहिजेत.

आवाजच हवा असेल तर कारखान्यात केलेली, ठरावीक वेळानं आपोआप वाजणारी गॅसतोफ मिळते. तिच्यात माणसानं नळीजवळ जायची गरज पडत नाही, हाच तिचा मोठा गुण. पण एकाच जागी ठेवली तर पाखरं तिच्यावर बसायला लागतात. म्हणून दोन-तीन दिवसांनी जागा आणि वाजण्याचं अंतर बदलायचं. घरं, शाळा आणि रस्त्यांपासून लांब ठेवायची, तोंड मोकळ्या रानाकडं करायचं, अंधार पडल्यावर बंद करायची, आणि घरगुती सिलिंडर जोडायचा नाही. शेजाऱ्याच्या गाईगुरांना आधी सवय होऊ द्या, नाहीतर भांडण बांधावर येतं.

खरी राखण सकाळी उजाडल्यापासून दोन तास आणि दुपार कलल्यावर दोन तास, एवढीच लागते. तेवढ्या वेळात एक माणूस डबा वाजवत, हाकारे घालत ओळींतून फिरत राहिला तर कुठल्याही बंदुकीइतका परिणाम होतो. आमचे म्हातारे हेच करायचे. फक्त त्यांची गोफण घेऊ नका. गोफणगुंडा सुटला की तोही मांडवाखाली कोण आहे ते विचारत नाही.

डोळ्याला इजा झालीच तर आधी काय गेलं ते ओळखा, कारण उपाय उलटसुलट आहेत. कार्बाइड, चुना किंवा औषध गेलं असेल तर जागेवरच स्वच्छ पाण्यानं धुवायला सुरुवात करा आणि निदान अर्धा तास धुवा. दवाखान्यात जाऊन धुऊ, असं म्हणू नका. पापण्या फाकवून, वर-खाली बघायला सांगून, बारीक धारेनं धुवा. छर्रा, पेंटबॉल किंवा पाइपचा तुकडा लागला असेल तर मात्र धुऊ नका, दाबू नका, आत काही रुतलेलं दिसलं तरी ओढू नका. डोळ्याला न टेकेल असा कागदी पेला उलटा ठेवून चिकटपट्टीनं बांधा, माणसाला पाठीवर झोपवा, खायला-प्यायला देऊ नका आणि निघा. दोन्ही प्रकारांत तूप, मध, दूध, एरंडेल यांतलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिका फुकट येते. गाडी दारात असेल तर तिची वाट बघू नका.

काढणीच्या दिवसांत बागेत प्यायच्या पाण्याचा एक भरलेला कॅन या कामासाठी वेगळा ठेवा आणि तो कुठं आहे ते मजुरांना दाखवून ठेवा.

ज्यांच्या शेडमध्ये आज पाइपची बंदूक पडली आहे त्यांना एक विनंती. कुणाला देऊ नका, विकू नका, करवतीनं कापून टाका. लायटरही काढून घ्या. उरलेला कार्बाइड विहिरीत, पाटात किंवा गटारात फेकू नका, पाणी लागताच गॅस होतो. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, डब्यावर नाव लिहून, गॅस वेल्डिंग करणाऱ्याकडं पोहोचवा. आणि हे काम पोरांना सांगू नका, स्वतः करा.